संजीवनीच्या कुंड्या: खारपाणपट्ट्यातल्या घरच्या नोंदी

१५ जानेवारी

बहिरमच्या यात्रेतून संजीवनीच्या गड्ड्या आणल्या. जडीबुटीवाल्यानं पोत्यावर ढीगच घातला होता, सगळ्या वाळून मुठीसारख्या आवळलेल्या, अन् बाजूला एका गंजात पाणी घालून एक हिरवीगार उमललेली गड्डी लोकांना दाखवायला ठेवली होती. लोक तेवढं पाहूनच घेऊन राहिले होते. कुठली आहे विचारलं तर सातपुड्यातली येवढंच सांगितलं.

ही नोंदवही चालू करायचं कारण असं की आमच्या दर्यापूर भागात दरवर्षी कितीतरी घरी ही गड्डी येते, दोन-चार वेळा पाण्यात टाकून पोरांना दाखवतात, मग ती काळी पडते अन् उकिरड्यावर जाते, पुढच्या यात्रेत परत नवीन. आणि ही गड्डी कुणी शेतात पेरत नाही, डोंगरातल्या खडकावरून उपटूनच येते, तिथं ती जमायला कितीतरी पावसाळे लागलेले असतात. मेळघाटातून आपण स्वतः काही उपटून आणायचा तर प्रश्नच नाही, व्याघ्र प्रकल्प आहे, अन् नसता तरी आणू नये. म्हणून ठरवलं की आणलेल्या गड्ड्या नुसत्या उघडून पाहायच्या नाहीत, वर्षभर जगवायच्या, वाढवायच्या आणि त्याचेच भाग करून गावात द्यायचे, म्हणजे मागणारा आमच्या घरी येईल, पोत्यावरच्या ढिगाकडे जाणार नाही.

शास्त्रीय नाव सिलॅजिनेला ब्रायॉप्टेरिस. दिसायला नेच्यासारखी पण नेचा नाही आणि शेवाळही नाही, याचं घराणंच वेगळं आहे, सुमारे ४० कोटी वर्षांपासून जमिनीवर आहे. याला ना फूल येते ना बी, बीजाणू असतात.

१६ जानेवारी

सकाळी सगळ्या गड्ड्या भिजवल्या. पाणी आरओच्या कॅनमधलं घेतलं, बोअरचं नाही, त्याचं कारण पुढं लिहीन. पूर्ण बुडवून ठेवायची गरज नसते, पसरट परातीत बोटभर पाणी आणि मुळाकडची बाजू खाली, वरून हातानं थोडं शिंपडलं की झालं.

आजी बाजूला बसून पाहत होती. म्हणे, "हे त मेलं हाय बाप्पा, याले कायले पानी घालतं?" तासाभरात बाहेरचे फाटे सैल झाले, दुपारपर्यंत बऱ्याचशा गड्ड्या अर्ध्याअधिक उघडल्या, आणि आजीनं शेजारच्या दोघीतिघींना बोलावून आणलं. संध्याकाळी सगळ्याच उघड्या होत्या.

पण खरं पाहायचं ते आजचं नाही, उद्या-परवाचं आहे.

१९ जानेवारी

हे नीट लिहून ठेवतो कारण घेणाऱ्यानं पहिलं हेच समजून घ्यायला पाहिजे. गड्डी उघडली म्हणजे ती जिवंत आहे असं नाही. मेलेली गड्डीसुद्धा उघडते! पानं-काड्या पाणी शोषतात, फुगतात, आणि फाटा सरळ होतो, त्याला जीव लागत नाही, ते काडीच्या बांधणीतच असतं. आतल्या बाजूचा थर आणि बाहेरच्या बाजूचा थर सारखा फुगत नाही म्हणून वळण घट्ट होते किंवा सुटते. मेक्सिकोच्या चिवावा वाळवंटात हिची एक बहीण आहे, सिलॅजिनेला लेपिडोफिला, तिच्या काड्यांवर २०१५ मध्ये अभ्यास छापून आला होता. बाहेरच्या काड्या लवकर वाकून गोल कडं होतात आणि आतल्या हळूहळू गुंडाळत गोगलगायीच्या शंखासारख्या होतात. हे सगळं यांत्रिक काम आहे.

मग जिवंत कशावरून ओळखायची? माझ्या परातीत तीन दिवसांत फरक स्पष्ट झाला. जिवंत गड्डीचा रंग दुसऱ्या दिवशी मधूनच गडद हिरवा व्हायला लागला, पान बोटानं दाबलं तर ताठ लागते, परातीतलं पाणी जवळपास स्वच्छ राहिलं, आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा. मेलेली उघडली पण तपकिरीच राहिली, पाणी चहासारखं झालं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास अन् बुडाशी बुळबुळीत. आणलेल्यातल्या जवळजवळ निम्म्या अशाच निघाल्या. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्यालाही वाळलेली पाहून कळत नसेल. पण ज्या निम्म्या मेल्या त्याही कुठल्यातरी खडकावरून उपटल्याच ना, हे मनाला लागते.

काही गड्ड्या अर्ध्या मेल्या अर्ध्या जित्या आहेत, त्यांचे तपकिरी फाटे कात्रीनं बुडातून काढून टाकले. तपकिरी पडलेला फाटा परत हिरवा होत नाही, नवीन फाटा मधूनच येतो.

२३ जानेवारी

कुंडीत लावल्या. आमची काळी माती याला अजिबात नाही, ती ओली झाली की फुगून घट्ट होते, मुळाला हवा मिळत नाही, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. ही वनस्पती खडकावरच्या पातळ थरात राहणारी, तिथं माती म्हणजे खाचेत साचलेला पाचोळ्याचा कुजकट अन् थोडी बारीक खडी. म्हणून विटांचा जाडसर चुरा, धुतलेली रेती आणि पालापाचोळ्याचं जुनं कुजलेलं खत, तिन्ही अंदाजे सारखं. कोकोपीट घेतलं तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं, त्यात खार असते.

कुंडी पसरट मातीची, खोल नको. खाली भोक मोठं, त्यावर खापरीचा तुकडा. गड्डी पुरायची नाही, वर ठेवून बुडाशी मिश्रण दाबायचं, मधला भाग उघडा राहिला पाहिजे. जागा पूर्वेच्या ओट्यावर ग्रीन नेटखाली, सकाळचं कोवळं ऊन येते, नंतर सावली. ओली असताना भर उन्हात ठेवली तर करपते. रासायनिक खत काहीच नाही. पाणी फवारायला नवीन स्प्रेची बाटली आणली, शेतातल्या फवारणीच्या पंपाला हातसुद्धा लावायचा नाही, त्यात तणनाशकाचा अंश राहिला असला तर खेळ खलास.

४ फेब्रुवारी

शेजारच्या चाचींनी त्यांच्याकडचं मरियमचं फूल आणून दाखवलं, कुणीतरी हजहून आणलेलं, बाळंतपणाच्या वेळी पाण्यात ठेवतात, त्यांच्या घरात फार जपून ठेवलेलं आहे. त्यांना वाटत होतं दोन्ही एकच. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. त्यांचं म्हणजे लाकडी काटक्यांचा झेला, पाण्यात सुंदर उघडते, पण हिरवं कधीच होत नाही. ते अ‍ॅनास्टॅटिका, मोहरीच्या कुळातलं, सहारा आणि अरबस्तानाकडच्या वाळवंटातलं, एकाच हंगामाचं झाड, बी धरून मरते आणि मेल्यावर मुठीत बी सांभाळून ठेवते, पाऊस आला की उघडून सोडते. मेलेल्या आईनं लेकरं सांभाळावीत तसं. चाचींना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी सुनेला बोलावून परत सांगायला लावली. मी त्यांना एवढंच सांगितलं की हे कुंडीत लावू नका, तुमच्या घरी पिढ्यान् पिढ्या राहील ते कोरडं ठेवूनच.

१७ फेब्रुवारी

आता पाण्याचं. आम्ही खारपाणपट्ट्यातले, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यातला पूर्णेच्या काठचा हा सगळा पट्टा, विहीर-बोअरला पाणी लागते पण खारं. आरओवाल्याकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला खार मोजायचं यंत्र, मागून आणलं, बोअरचं पाणी हजाराच्या कितीतरी वर, कॅनचं शंभराच्या आत. नळाला शहानूरचं पाणी येते ते मधलं, पण रोज येत नाही.

याचा परिणाम पाहायला एका मोठ्या गड्डीचे दोन भाग करून ठेवलेत. एकाला बोअरचं, एकाला कॅनचं. बाकी सगळं सारखं, तसलीच कुंडी, तोच ओटा. साध्या झाडाला थोडं खारं पाणी काही दिवस चालूनही जाते कारण निचऱ्यातून खार निघून जाते. ह्या झाडाचं तसं नाही, ही पूर्ण वाळते, पाणी उडून जाते आणि खार मागंच राहते पानावर अन् बुडाशी. परत भिजली की त्याच जागी आणखी खार. म्हणजे दर वाळणीला मात्रा वाढत जाणार असं मला वाटते. पाहू.

११ मार्च

पाहिलं. बोअरवाल्या भागाच्या बुडाशी पांढरी पापडी, फाट्यांची टोकं पिवळी होऊन मग गव्हाळी, मधून नवीन काहीच नाही. कॅनवाल्या भागात मधोमध पोपटी रंगाची नवीन फाट्यांची गुंडाळी निघाली आहे, मेथीच्या दाण्याएवढी. बोअरवाला भाग आता गोड्या पाण्यानं दोन-तीनदा भरपूर धुऊन काढला आणि प्रयोग बंद केला, तेवढं कळलं ते पुरे आहे, उगाच मारायचं नाही. आमच्या पट्ट्यात ही गड्डी घरी जगत नाही त्याचं अर्धं कारण हेच असणार, लोक बोअरच्या पाण्याच्या बादलीतच टाकतात.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. यंदा पत्र्याच्या पन्हाळीखाली निळा ड्रम ठेवायचा, पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, त्यात पत्र्यावरची घाण असते, नंतरचं भरून झाकून ठेवायचं.

२९ मार्च

ऊन तापायला लागलं, दुपारी ओट्यावर उभं राहवत नाही. आता ह्यांना झोपवायचं. डोंगरातही ह्या दिवसांत त्या आवळून बसलेल्या असतात, तिथल्या वेळापत्रकाविरुद्ध जायचं नाही असं माझं पहिल्यापासून मत आहे. मे महिन्यात ओली ठेवून हिरवी दाखवायची हौस म्हणजे तिचा जीव घ्यायची हौस.

वाळवायचं पण हळूहळू. एकदम उन्हात ठेवून दिवसात कडक केली तर आतली तयारी व्हायला वेळ मिळत नाही. मी पाणी बंद केलं, कुंड्या ओट्यावरून आतल्या पडवीत आणल्या, वरून सुती फडकं सैल टाकलं. आठवडाभर चाललं ते. भिंगातून रोज पाहिलं आणि ह्यात मला जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. पान म्हणजे खवल्यासारखं, फाट्यावर चार ओळी, बाजूच्या दोन ओळींतली पानं मोठी आणि वरच्या दोन ओळींतली बारीक, छताच्या कवेलूंसारखी एकावर एक. आधी बाजूची पानं काडीला चिकटतात, मग फाट्याचं टोक आत वळते, मग पूर्ण फाटा मध्याकडे झुकतो. जो भाग उन्हाला दिसत होता तो हिरवा भाग सगळा आत गेला आणि खालची फिकी तांबूस बाजू बाहेर आली. ही गड्डी वाळताना आपलं हरितद्रव्य टाकून देत नाही, आत तसंच ठेवते, आणि वाळलेल्या हरितद्रव्यावर ऊन पडलं तर नासाडी होते, म्हणून आधी ती झाकून घेते. आफ्रिकेतल्या झेरोफायटासारख्या काही वनस्पती उलटं करतात, हिरवंच मोडून टाकतात आणि पाऊस आला की नव्यानं करतात. तिकडं उघडायला वेळ लागतो, इकडं लवकर काम सुरू होते.

१९ एप्रिल

आजीनं पाणी मागितलं. "मले त्या संजीवनीचं एक वाटी पानी दे, उन्हाळी लागली हाय." आमच्याकडे आणि सातपुड्याच्या कडेनं सगळीकडेच हे चालते, उन्हाळी लागली, ऊन लागलं की हिचं पाणी पितात. आजीला नाही म्हणणं सोपं नाही पण मी दिलं नाही. ही गड्डी कुठल्या पोत्यात, कुठल्या धुळीत होती माहीत नाही, महिनोन् महिने वाळून पडलेली, बुरशी असू शकते. शास्त्रज्ञांनी हिच्या अर्काचा अभ्यास केला आहे, २००५ मध्ये छापून आलेल्या कामात किड्याच्या आणि सस्तन प्राण्याच्या पेशींवर अर्क वापरला तर पेशी ताण थोडा जास्त सहन करतात असं दिसलं, पण ते काचेच्या बशीतल्या पेशी आहेत, आपली आजी नाही. आजीला दवाखान्यात नेलं, गोळ्या आणल्या, घरी धने-जिऱ्याचं पाणी करून दिलं.

रामायणातली हीच का असं गावात सगळेच विचारतात. २००९ मध्ये गणेशय्या, वासुदेव आणि उमा शंकर ह्या तिघांनी करंट सायन्समध्ये यावर लेख लिहिला होता, त्यात ज्या थोड्या वनस्पती उमेदवार म्हणून उरल्या त्यात हिचं नाव आहे. मी लोकांना एवढंच सांगतो, त्यापुढं मी जात नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानं हात जोडावे, फक्त पाण्यात टाकून नासवू नये.

२७ मे

नवतपा चालू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पारा ४५ च्या वर, टिनाच्या शेडमध्ये तर विचारूच नका. गड्ड्या कागदी खोक्यात सुती कापडावर ठेवून आतल्या खोलीतल्या फडताळात आहेत, कुंडीतल्या कुंडीतच, पण कोरड्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं नाही.

एक गोष्ट खास लक्षात ठेवायची, कुलरच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. कुलरच्या दमट हवेनं गड्डी अर्धवट सैल होते, पूर्ण उघडत नाही पण पूर्ण झोपतही नाही, म्हणजे श्वास चालू राहते, खर्च चालू राहते, आणि उजेड-पाणी पुरेसं नसल्यामुळं कमाई शून्य. वरून बुरशीला आयतं घर.

सुट्ट्यांत पाहुण्यांची पोरं आली आहेत, काका एकदा उघडून दाखवा म्हणून मागं लागलेली. नाही दाखवली. त्यांना असं समजावलं, आपण कणगीत हरभरा ठेवतो, तो वाळलेला असते म्हणून वर्षभर टिकते, आत जीव असते. समज आज मी त्यातला दाणा भिजवला, मोड आला, उद्या उन्हात वाळवला, परवा परत भिजवला, तर तो उगवेल काय? पोरं नाही म्हणाली. मग गड्डीचंही तसंच आहे, फक्त ती हे काम पानानं करते. वाळताना ती पेशीत सुक्रोज, ट्रेहॅलोजसारख्या साखरा आणि खास प्रथिनं भरून ठेवते, पाणी गेलं की त्या जागी हे घट्ट काचेसारखं बसते आणि पडदे फाटू देत नाही. कपाशीचं पान एवढं वाळलं तर त्याच्या पेशीचे पडदे फाटतात, परत पाणी दिलं तरी तो चुराच. पण ही सगळी तयारी फुकट नाही. भिजल्या भिजल्या आधी खर्चच होते, दुरुस्ती चालते, श्वास जोरात, आणि पानाची अन्न बनवायची यंत्रणा रुळावर यायला दिवसभर तरी जाते. त्यानंतर बरेच दिवस ओलं आणि उजेडात राहिली तर खर्च भरून निघते. म्हणून मी असं धरून चालतो की एकदा भिजवली की किमान तीन-चार आठवडे तरी ओलसर ठेवायची, नाहीतर भिजवायचीच नाही.

याचा पुरावा गावातच आहे. झेरॉक्सच्या दुकानवाल्या मित्रानं त्याच यात्रेतून, त्याच ढिगातून गड्डी घेतली होती, काउंटरवर काचेच्या वाडग्यात, गिऱ्हाईक आलं की पाणी, रात्री पंख्याखाली वाळवण. परवा म्हणे, "काहून रे भाऊ, माही त काळी पडली, उघडते पन काळीच." उघडणार ना, उघडायला जीव लागत नाही. त्याला सांगितलं, पावसाळ्यात माझ्याकडचा एक भाग देतो, पण काउंटरवर नाही ठेवायचा.

२२ जून

पहिल्या दोन सरींना हात लावला नाही. मृगाचा पाऊस फसवा असते, पेरणीवाल्यालाही आणि ह्या गड्ड्यांनाही. आता तीन दिवस लागून पडला, हवा ओली झाली, रात्री गार वाटायला लागलं, मग कुंड्या ओट्यावर काढल्या आणि पन्हाळीचं पाणी दिलं. जानेवारीत जिवंत ठरलेल्या सगळ्याच्या सगळ्या हिरव्या झाल्या! बोअरच्या पाण्यावाला तो भागसुद्धा, त्याची टोकं गेलेलीच आहेत पण मधला भाग शाबूत. खूप खूप आनंद झाला, शेतातून आल्यावर आधी ओट्यावर जातो.

१९ जुलै

झड लागली आहे, आठवडा झाला सूर्य नाही. डोंगरात ही झड खडकावरून वाहून जाते, कुंडीत साचते. एका कुंडीत बुडाशी पांढरी जाळी दिसली, ती वेगळी केली, बाधलेले फाटे कापले, वरचं मिश्रण बदललं, पडवीत खिडकीच्या उजेडात ठेवली. बाकीच्यांवर पाऊस सरळ पडणार नाही असं प्लास्टिक वर ताणलं, बाजू मोकळ्या. हिरवं शेवाळ आलं आहे ते राहू दिलं, खडकावरही ते सोबतच असते, ओल धरून ठेवते. गोगलगायी मात्र रोज रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

१३ ऑगस्ट

पावसाचा खंड. कपाशी दुपारी माना टाकते, सोयाबीनला फुलं आणि वर पाणी नाही. ओट्यावर हिरव्या गड्ड्या आणि समोर सुकणारं शेत, असं असलं की प्रश्न येतेच, हा गुण पिकात आणता येईल काय?

यावर जगात खरोखर काम चालू आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन विद्यापीठातल्या जिल फॅरंट कितीतरी वर्षं अशाच वाळून पुन्हा जिवंत होणाऱ्या वनस्पतींवर काम करून राहिल्या, त्यांचं म्हणणं असं की फुलाच्या झाडांत बी वाळून टिकायचे जनुक तर प्रत्येकात आहेत, गव्हात, मक्यात, टेफ नावाच्या आफ्रिकेतल्या धान्यात, फक्त ते बियात चालू असतात, पानात बंद. ते पानात चालू करता आले तर. आणि आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पश्चिम घाटातल्या खडकाळ जागांवर अशा वनस्पती शोधल्या, २०२३ मध्ये त्यांनी ६२ जातींची नोंद जाहीर केली, त्याआधी भारतातून मोजक्याच माहीत होत्या. त्यात ट्रायपोगॉन नावाची गवतंही आहेत. गवत म्हणजे ज्वारी-गव्हाच्या कुळातलंच, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप वाटते.

पण शेतकरी म्हणून एक गोष्ट दिसते ती मांडतो. ही गड्डी दुष्काळात मरत नाही कारण ती दुष्काळात काहीच करत नाही. वाढ नाही, फळ नाही, थांबते. आणि एरवीही सावकाशच वाढते, तिची कमाई सांभाळून ठेवण्यात जाते. आपल्या पिकाला शंभर-सव्वाशे दिवसांत बोंड भरायचं असते. तीन आठवडे थांबून परत चाललं तरी आपलं काम होऊन जाईल, अख्खा उन्हाळा झोपायची गरज नाही. तेवढाच गुण, तेवढ्याच दिवसांचा, हे माझ्या मते मागण्यासारखं आहे आणि हे ज्यांच्या हातात आहे त्यांनी कोरडवाहूवाल्याला विचारून करावं.

२६ ऑगस्ट

पोळा झाला, थोडी उसंत. आज फाटे लावायचा प्रयोग. निरोगी फाटा बुडाशी थोडी आडवी काडी ठेवून कापायचा, त्या आडव्या काडीतूनच खाली दोऱ्यासारखं निघते आणि मातीला टेकलं की त्याला मुळं फुटतात. ओल्या रेतीवर आडवा ठेवायचा, पुरायचा नाही, बारीक खड्यानं दाबायचा. वरून पाण्याची मोठी बाटली अर्धी कापून उपडी, झाकण उघडं. सावलीत. कापताना वाळू द्यायचा नाही, कापलेला फाटा एकटा वाळला तर त्याचा भरवसा नाही.

गड्डीचे भाग करणं जास्त खात्रीचं आहे, प्रत्येक भागाला मुळं आणि मधला डोळा दोन्ही आलं पाहिजे.

२० सप्टेंबर

काही फाट्यांच्या टोकाला चौकोनी बारीक कणीस दिसून राहिलं, भिंगाशिवाय समजत नाही. त्यातच बीजाणू, दोन प्रकारचे, मोठे मादी आणि धुळीसारखे नर. त्यापासून रोप करणं घरच्या ओट्यावरचं काम नाही, पाण्याचा पापुद्रा सतत पाहिजे आणि दोन्ही शेजारी पडले पाहिजेत. मी फक्त त्या फाट्यांखाली ओल्या विटेचे तुकडे ठेवलेत, झालं तर झालं.

बाटलीखालचे बरेचसे फाटे धरले. ओढून पाहिलं तर हाताला अडकतात, म्हणजे मुळं आहेत. नवीन फाटा अजून एकालाच.

१८ ऑक्टोबर

ऑक्टोबर हिट सुरू, सोयाबीन काढून झालं. मोठ्या गड्ड्यांचे भाग पावसाळ्याच्या मध्यात केले होते ते चांगले बसलेत, आज त्यातले वाटले. चाचींना एक, झेरॉक्सवाल्या मित्राला एक, शाळेतल्या बाईंना दोन. सोबत चिठ्ठी दिली, हातानं लिहून, ती इथं उतरवतो:

बोअरचं पाणी नाही, पावसाचं नाहीतर कॅनचं. काळी माती नाही. ओली असताना भर ऊन नाही. होळीच्या आसपास पाणी बंद करून सावलीत हळू वाळू द्या, कुलरपासून दूर कोरडी ठेवा, पाऊस लागून पडला की मगच भिजवा. मधेच दाखवायला भिजवू नका, भिजवलीच तर महिनाभर ओली ठेवायची तयारी ठेवा. पाणी पिऊ नका. मोठी झाली की भाग करून दुसऱ्याला द्या.

शाळेतल्या बाईंनी विचारलं पोरांना उघडताना कधी दाखवू. जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, पहिल्या लागून पडलेल्या पावसाला, म्हणजे पोरांनाही दिसेल आणि गड्डीलाही परवडेल. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

राहिलेल्या कुंड्या थंडीत ओट्यावरच राहतील, पाणी आठवड्यातून दोनदा, सकाळी. ड्रममध्ये अजून पाणी आहे, माघापर्यंत पुरावं.